नावाआधीची जागा

सेरंगून, सिंगापूर
१४ सप्टेंबर

ती. उल्कावन्सं,

साष्टांग नमस्कार. पाकीट बघून तुमच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. पत्ता बरोबर, पिन कोड बरोबर, आणि नावाआधी काहीच नाही. नुसतं 'उल्का निशिकांत जोगदेव'. त्या एवढ्याशा जागेपायी माझा अख्खा कप चहा थंड झाला. इतकी वर्षं तुम्हाला 'सौ.' लिहीत आले, हात त्याच वळणानं जायला लागला आणि मग आठवलं की निशिकांतराव आता नाहीत. 'गं. भा.' मी कुणालाच लिहिणार नाही, ते माझ्या स्वतःच्या नावाआधी छापलेलं बघितलंय. 'श्रीमती' लिहावं तर आपल्या लोकांनी त्याचाही अर्थ तोच करून ठेवलाय. शेवटी म्हटलं जाऊ दे, पोस्टमनला घर सापडल्याशी कारण.

बातमी आता सांगतेच, पोटात राहत नाहीये. जाईचं लग्न ठरलं. आपल्या जाईचं. मुलगा फ्रेंच आहे. आता बसून घ्या आणि पाणी प्या, मी थांबते.

त्याचं नाव ज्युलियाँ. तांजोंग पगारला जाईची बँक आहे, त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर याची कंपनी. लिफ्टमध्ये ओळख झाली म्हणतात, मी जास्त चौकशी केली नाही. उंच आहे, आमच्या दारातून वाकून आत येतो. पहिल्यांदा घरी आला तेव्हा साबुदाण्याची खिचडी काट्यानं दाणा दाणा उचलून खाल्ली आणि आणखी मागितली. तेव्हाच मी मनातून होकार देऊन टाकला. लग्न डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी, इथेच. गुरुजी आपले, जेवण आपलं, आणि संध्याकाळी त्यांच्या पद्धतीचं काहीतरी नाचगाणं.

फोनवर का नाही सांगितलं म्हणाल, तर फोन तुम्ही उचलत नाही. निशिकांतराव गेले तेव्हा मी किती वेळा केला ते तुमच्या फोनला माहीत आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर तुम्ही मला दिसत नाही, म्हणजे बहुधा मला बंद करून टाकलंय. पत्र मात्र तुम्ही फेकणार नाही. जन्मभर मुलींच्या शाळेत निबंध तपासलेली बाई लिहिलेला कागद वाचल्याशिवाय टाकू शकत नाही, चुका काढायला का होईना वाचतेच.

आता खरी गंमत ऐका. विहीणबाई, म्हणजे ज्युलियाँची आई ओदील, त्यांना इंग्रजी जेमतेम येतं. म्हणून मी या वयात फ्रेंचच्या क्लासला जायला लागलेय. ऑफिस सुटलं की मंगळवारी. वर्गात सगळ्यांत म्हातारी मीच आणि गृहपाठ करून येणारीही मीच. पहिल्याच दिवशी आमच्या शिक्षिकेनं, मादाम रूसेल तिचं नाव, फळ्यावर तीन शब्द लिहिले. पुरुषाला मस्यू. बाईला मादाम. तिसरा मादमोआझेल, आणि तो लिहिल्या लिहिल्या त्यावर काट मारली. मी हात वर करून विचारलं, काट का? म्हणाली, हा लग्न न झालेल्या बाईसाठी होता. पुरुष मिसरूड फुटल्यापासून मरेपर्यंत मस्यू, त्याचं लग्न झालंय का हे कुणी विचारत नाही, मग बाईलाच का विचारायचं? दोन हजार बारा साली तिथल्या सरकारनं आपल्या कागदांतून तो शब्द काढूनच टाकला. आता मोठी बाई म्हणजे मादाम. लग्न झालेली मादाम, न झालेली मादाम, नवरा गेलेली मादाम, नवऱ्याला सोडून आलेलीही मादामच.

ती दिसायला आपल्या थोरल्या वल्लरीहून लहान. माझ्या तोंडून गेलंच, तुमचं लग्न झालंय का? ती हसली आणि म्हणाली, "मादाम सुनेत्रा, धडा तुम्हाला समजलेला दिसत नाही."

वन्सं, एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, घरी येताना मी एकटीच हसत होते. समोरच्या माणसानं जागा बदलली. आपल्याकडे पुरुषाला एक 'श्री.' मिळाला की काम झालं, मेल्यावर 'कै.'. मध्ये काही भानगड नाही. आणि आपण बायका बघा, कु. झालं, सौ. झालं, मग पुढचं. मला कधी यात काही वावगं वाटलं नव्हतं, म्हणजे वाटलं होतं पण कुणी फळ्यावर लिहून काट मारून दाखवलं नव्हतं.

तुम्ही यायचं आहे. जाई काय म्हणाली ते तसंच लिहिते, इथल्या लोकांच्या 'लाह'सकट: "आत्यानं माझं नाव ठेवलं ना? शी मस्ट कम, लाह. पहिली हळद आत्या आणि आई, दोघींची. नाहीतर नो हळद." हा हट्टीपणा कुणाकडून आलाय ते मी सांगायला नको. तुमचा भाऊ गेला तेव्हा ती पाचवीत होती, आणि त्यानंतरची प्रत्येक मे महिन्याची सुट्टी तिनं तुमच्या घरी काढलीय. तर पहिली हळद तुम्ही लावायची, दुसरी मी.

वल्लरीच्या लग्नातलं मी काढणार नाही. काढायचं नाही असं ठरवूनच लिहायला बसलेय.

तुमची
सुनेत्रा


सेरंगून
१२ ऑक्टोबर

ती. उल्कावन्सं,

तुमचं कार्ड पोचलं. चार ओळी, अक्षर सुंदर. 'जाईस अनेक उत्तम आशीर्वाद. प्रकृतीमुळे प्रवास जमणार नाही. शिवाय अशा कार्यात आता माझे काही काम नाही. तुम्ही समजूतदार आहात.'

प्रकृतीचं खोटं आहे. वल्लरी सांगते, तुम्ही रोज सकाळी पर्वती चढता आणि वर उभं राहून खालून येणाऱ्यांना हळू चढतात म्हणून बोलता. आणि मी समजूतदार आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं?

'माझे काही काम नाही' हे वाक्य मात्र माझ्या ओळखीचं आहे. वल्लरीच्या हळदीच्या दिवशी, तिकडे कार्यालयात, तुम्ही माझ्या खांद्याला धरून म्हणाला होतात, "सुनेत्रा, तू जरा आत बस, इथे सवाष्णींचं काम आहे." गोड आवाजात म्हणालात, सगळ्यांसमोर नाही, तेवढी काळजी घेतलीत. मी आत बसले. त्या खोलीत ओटीचे नारळ आणि ब्लाउजपिसांचे गठ्ठे होते. बाहेर तुम्ही हळदीचं गाणं म्हणत होतात, माझ्या मुलीला हळद लागत होती, आणि मी नारळांच्या शेंड्या सारख्या करत बसले होते. मला तुमचा इतका राग आला होता की गाणं छान लागलंय हेही जाणवत होतं आणि त्याचाही राग येत होता. त्यानंतर आपण बोललो नाही. बघा, काढणार नाही म्हटलं आणि काढलंच.

पण म्हणूनच लिहितेय. ती खोली मी आतून बघितलीय. तिथे काही नाही. तुम्ही आपल्या पायांनी तिथे जाऊन बसायचं नाही.

इकडे पत्रिकेवरून महाभारत चालू आहे. इथे एक सुलेखा आहे, मूळची डोंबिवलीची. सिंगापुरातल्या मराठी लग्नांचं सगळं तिच्याकडे असतं. गुरुजी ती ठरवते, मुंडावळ्या तिच्या कपाटात असतात, आणि तिच्याकडे एक छोटं दगडी जातं आहे. इथल्या प्रत्येक मराठी लग्नात घाणा भरायला तेच एक जातं फिरतं, ट्रॉलीबॅगेत घालून, एमआरटीनं. मनानं फार चांगली आहे. ती पत्रिकेचा मजकूर घेऊन आली तर त्यात सौ. सौ. सौ., आणि माझ्या नावाआधी टिंबं टिंबं. तिला विचारायचा संकोच वाटला होता, बिचारीला.

मी म्हटलं, सगळी काढ.

"काकू, सगळी म्हणजे? सौ. पण?"

"सौ. पण. नुसती नावं ठेव. फ्रेंच मजकुरात बघ, सगळ्या बायका मादाम आहेत. एकीचीही चौकशी नाही."

"ते त्यांचं झालं हो. आपल्यात बरं दिसतं का? लोक म्हणतील प्रुफं तपासली नाहीत."

"लोकांना सांग, मुलीच्या आईनं तपासली."

तिनं काढली, पण प्रत्येक वेळी माझ्याकडे बघून. तुमच्या भावाच्या, पद्माकरच्या नावाआधीचं 'कै.' तेवढं ठेवलं, त्याची त्याला हरकत नसावी. आणि निमंत्रकांत पहिलं नाव तुमचं आहे, उल्का जोगदेव. छापून झालंय. तुम्ही आला नाहीत तर दोनशे माणसं मला विचारतील की ही पहिली बाई कुठे आहे.

गंमत अशी की इथे मला दवाखान्यात 'मॅडम' पुकारतात आणि घराखालच्या कोपीच्या, म्हणजे इथल्या कॉफीच्या, दुकानात 'आंटी'. दोन्हीकडे नवऱ्याबद्दल काही नाही. इतकी वर्षं ऐकतेय आणि आत्ता कुठे कान उघडले.

पत्रिका सोबत ठेवलीय. चुका काढा, पण येऊन काढा.

सुनेत्रा


सेरंगून
१६ नोव्हेंबर

ती. उल्कावन्सं,

वल्लरीचा फोन आला. तुम्ही येताय. मी ऑफिसात होते, जागेवरून उठले आणि आमच्या चिनी साहेबीणबाईंना मिठी मारली. त्या घाबरल्या. मग कारण कळल्यावर त्यांनी मला दोन संत्री दिली.

वल्लरीनं तुमची अटही सांगितली. 'फक्त आशीर्वादाला येईन, मागे बसेन, कुठल्या विधीला हात लावणार नाही.' ठीक आहे. या तर खरं. मागचं पुढचं इथे आल्यावर बघू, आमचा फ्लॅट केवढासा आहे, त्यात मागे असं काही नाहीच.

तुमच्यासाठी साडी घेतली. लिटिल इंडियात फिरून फिरून पायांचे तुकडे पडले. दुकानदार मला राखाडी, बदामी, फिकी जांभळी दाखवत राहिला, कुणासाठी म्हणून विचारलं आणि मी नणंदेसाठी म्हणून सगळं सांगत बसले ही माझीच चूक. मग मी त्याच्या डोक्यावरच्या फळीकडे बोट केलं आणि ती काढायला लावली. पिवळी आहे, लालभडक काठ. ब्लाउज शिवून घेतला तुमच्या जुन्या मापावर, आठवणीनं. बघून तुम्ही काय म्हणणार ते मला पाठ आहे, ते म्हणून झालं की नेसा.

ओदीलबाई येऊन आठवडा झाला. वन्सं, मला ही बाई फार आवडलीय. एका लहानशा गावात त्यांचं औषधांचं दुकान आहे. ताठ बसतात, कमी बोलतात, केस पांढरे शुभ्र आणि आखूड. आम्ही रोज सकाळी खाली कोपी प्यायला जातो. माझं फ्रेंच आणि त्यांचं इंग्रजी दोन्ही लंगडं, पण दोघी मिळून कुठेतरी पोचतो. त्यांच्याकडे दुकानात शिरलं की आधी 'बोंझूर मादाम' म्हणायचं, मगच काय हवं ते मागायचं. न म्हणता थेट डोकेदुखीची गोळी मागणाऱ्याला त्या गोळी देतात पण बोलत नाहीत. इथे पहिल्या दिवशी त्या कोपीवाल्या चिनी आजींना अदबीनं 'बोंझूर मादाम' म्हणाल्या. आजींनी एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "हॉट ऑर कोल्ड?" आता मात्र रोज आजी त्यांची वाट बघतात.

मी विचारलं, तुम्हाला मादमोआझेल कुणी म्हणत नाही का आता? म्हणाल्या, बाजारातला मासेवाला म्हणतो. पांढरे केस बघून मुद्दाम म्हणतो, खूश होऊन जास्त घेईन म्हणून. त्या दिवशी मी पलीकडच्याकडून मासे घेते, म्हणाल्या. तरुणपणी मात्र या दोन शब्दांनी त्यांना पुष्कळ पिडलं म्हणे. बँकेत गेलं की माणूस वर बघायच्या आधी विचारायचा, मादाम की मादमोआझेल, आणि उत्तरावर त्याचा आवाज ठरायचा. आमची मादाम रूसेल सांगत होती की जुन्या नाटकवाल्या नट्या मात्र हौसेनं मरेपर्यंत मादमोआझेल म्हणवून घ्यायच्या, लग्न झालेलं असो नसो, तो त्यांचा मान होता. म्हणजे शब्दात काही नसतं बघा, म्हणणाऱ्याच्या आवाजात असतं.

ओदीलबाईंची आणखी एक गोष्ट आहे. ती पत्रात लिहीत नाही, तोंडी सांगेन. पत्रात लिहिली तर तुम्ही येणार नाही अशी मला धास्ती आहे.

त्यांना मी आपलं सौ. आणि गं. भा. समजावून सांगितलं. वल्लरीच्या हळदीचंही. त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, "नवरा गेला. नावही गेलं?"

मी म्हटलं, नाव नाही गेलं हो, नावाच्या आधीचं गेलं. त्यांना ते कळलं की नाही माहीत नाही. त्यांनी माझ्या कोपीचे पैसे दिले आणि आम्ही वर आलो.

तुमची वाट बघतेय. जाई तर विमानतळावर पाटी धरून उभी राहणार आहे म्हणते. पाटीवर काय लिहायचं ते मी तिला सांगितलंय, नुसतं 'आत्या'.

सुनेत्रा


३० नोव्हेंबर

उल्कावन्सं,

हे पोस्टानं पोचणार नाही म्हणून वल्लरीला फोटो काढून पाठवतेय, ती तुम्हाला फोन हातात देईल. तिला मोठ्यानं वाचू देऊ नका.

सांगलीची हळकुंडं आणा, इथे मिळतात ती जुनाट वाटतात. गुरुवारी घाण्याला तीच जात्यात घालू आणि शुक्रवारी सकाळी जाईला तीच लावू. लोणचं बॅगेत उघडं ठेवू नका. वल्लरी शुक्रवारी रात्रीच पोचणार, म्हणजे तुम्ही एकट्याच येणार, तर विमानात खिडकीशी बसा. झोप लागली नाही तरी डोळे मिटून ठेवा, नाहीतर तुम्ही शेजारच्याचं बसणं सुधारायला जाल.

आणि वन्सं, मी अजून रागावलेली आहे. तरी पण या. दोन्ही एकदम असू शकतं हे मला या वर्षी कळलं.

सुनेत्रा


५ डिसेंबर, सकाळ
दाराच्या बाहेरून

उल्कावन्सं,

दारावर टकटक केली तर 'जप करतेय' म्हणालात. जपमाळ इथे देवासमोर आहे, मला दिसतेय. मोठ्यानं बोलता येत नाही, हॉलमध्ये सुलेखा आणि तिच्या मैत्रिणी बसल्यात, म्हणून हे दाराखालून सरकवतेय. पूर्ण वाचा. तुम्ही माझी पत्रं अर्धीच वाचता असा मला दाट संशय आहे, आणि कालपासून खात्रीच आहे.

काल घाण्याच्या वेळी तुम्ही बाल्कनीच्या दारात खुर्ची टाकून बसलात. आत या म्हटलं तर 'मी इथूनच बघते.' बघत कसल्या होतात. जातं मांडलं तर ते आधी पूर्वेकडे फिरवायला लावलंत, मग सुपात गहू कमी म्हणून ओरडलात, मग सुलेखाला गाण्याची दुसरी ओळ येईना तर तिथून तुम्ही म्हणालात. सुलेखा तुमच्यावर इतकी खूश होती की तिनं विचारलं, मावशींना इथेच ठेवून घेता येईल का.

आणि मग पाचवी सवाष्ण आली नाही. मीनलच्या मुलाला ताप आला. सुलेखा रडकुंडीला आली, चौघींवर घाणा भरायचा कसा, आयत्या वेळी कुणाला बोलवायचं. तेव्हा तुम्ही बसल्या जागेवरून बोट केलंत.

"ती विहीण बसलीय ना रिकामी. मुलाची आई आहे, बाई रीतीची दिसतेय. हिरव्या बांगड्या भरा आणि बसवा तिला."

"मावशी, चालेल?"

"न चालायला काय झालं? सवाष्ण ती सवाष्ण, फ्रान्सची काय आणि फलटणची काय."

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. तोंड उघडलं होतं, ते मिटलं आणि आत जाऊन पदर तोंडात कोंबला. आता ती राहिलेली गोष्ट ऐका.

ओदीलबाईंचं लग्न झालेलं नाही. कधीच नाही. ज्युलियाँचे वडील आणि त्या बरीच वर्षं एका घरात राहिले, मुलगा वाढवला, मग ते मार्सेलला दुसऱ्या कुणाबरोबर राहायला गेले. कोपी पिता पिता सांगितलं त्यांनी, पावसाबद्दल सांगावं तसं. त्यांच्या गावात त्या मादाम आहेत, दुकानात शिरणारा प्रत्येक जण मान लववून तसं म्हणतो. आणि तुमच्या-माझ्या शास्त्राप्रमाणे ती बाई कुमारी आहे, वन्सं. केस पांढरे, मुलगा बोहल्यावर, आणि कुमारी. तिच्या मनगटात तुम्ही बांगड्या भरायला लावल्या आणि जात्याचा खुंटा तिच्या हातात दिलात.

जातं फिरलं. हळद पिवळीच निघाली.

ती बाई दळताना रडत होती, तुम्ही पाहिलंत का? तुम्हाला वाटलं असेल, मुलाच्या लग्नाचं. मी नंतर विचारलं. म्हणाल्या, मला आजवर कुठल्या लग्नात कुणी असं मध्ये बसवलं नव्हतं. तीच हळद आत्ता वाटीत घालून बाहेर ठेवलीय. जाईला तीच लागणार आहे. आता शास्त्र बिघडलंच आहे आणि तुमच्याच हातून बिघडलंय, तर निदान नीट बिघडवू.

मी तेव्हा का बोलले नाही? हसू येत होतं हे एक. पण खरं सांगू का, तुमच्याकडे बघून. विमानतळावर तुम्ही उतरलात तेव्हा मी ओळखलं नाही तुम्हाला, इतक्या बारीक झाल्या होतात आणि इतक्या हळू बोलत होतात. काल त्या खुर्चीतून हुकूम सोडताना तुम्ही पुन्हा उल्कावन्सं होतात. मला ते थांबवायचं नव्हतं.

आणि आज उठून बघते तर तुम्ही आंघोळ करून, ती बदामी साडी नेसून, आतून कडी लावून बसलात. बाहेर हळदीचा पाट मांडला आणि तुम्ही आत. कुणी सांगितलंसुद्धा नाही, आपल्या आपण.

मला तुमचा राग होता. अजून आहे, कमी झालेला नाही. कधी कधी रात्री मनात यायचं, यांच्यावर पण वेळ येईल तेव्हा कळेल. वेळ आली. आज तुम्ही त्या खोलीत आहात आणि मी बाहेर आहे. मला वाटलं होतं बरं वाटेल. अजिबात वाटत नाहीये, वन्सं. उलट मघापासून मला त्या नारळांच्या शेंड्याच आठवतायत.

एक विचारते. तुमच्या शाळेत तुम्हाला मुली काय म्हणायच्या? बाई. लग्नाआधी नोकरीला लागलात तेव्हा बाई. लग्न झाल्यावर बाई. परवा चांगी विमानतळावर इतक्या गर्दीत ती कुठली तरी पन्नाशीची बाई धावत आली आणि तुमच्या पाया पडून म्हणाली, "बाई, तुम्ही इथे?" तिनं विचारलं का, निशिकांतराव कसे आहेत? आहेत की नाहीत? मी इतके महिने मंगळवारी मंगळवारी फ्रेंच शिकायला गेले आणि तो शब्द आपल्या घरातच होता. तुम्ही तो जन्मभर लावून फिरलात.

जाई पाटावर बसलीय. सुलेखानं दोनदा विचारलं की कोण सुरू करणार. जाई म्हणाली, "वेट लाह, आत्या येतेय." तुम्ही येताय हे तिला कुणी सांगितलं नाही. ती तशीच बसलीय, हात मांडीवर, पाचवीतल्यासारखी. ओदीलबाई तिच्या शेजारी आहेत आणि माझी जागा दुसऱ्या बाजूला. मध्ये समोर एक पाट रिकामा आहे. तुम्ही आला नाहीत तर मीही बसणार नाही. मग खरंच नो हळद.

पिवळी साडी कपाटात डाव्या बाजूला, हँगरवर आहे. ब्लाउज आतच अडकवलाय.

मी दाराशीच आहे.

सुनेत्रा


(त्याच कागदाच्या पाठीवर, पेन्सिलीनं)

सुनेत्रा,

पूर्ण वाचले. 'खुंटा' बरोबर लिहिलास, बाकी शुद्धलेखन भयंकर आहे.

हळद तू कालवलीस म्हणजे पातळच असणार. आणखी थोडी घाल. विहीणबाईंना सांग, उठू नका.

ब्लाउज फार सैल होतो आहे. दाराखालून दोन सेफ्टी पिना सरकव. मी येईपर्यंत वाटीला कुणी हात लावायचा नाही.

उल्का